एका दिरहमात खाडीपार

९ नोव्हेंबर २०१६ रोजी दुबईत एका कालव्याचं उद्‌घाटन झालं. लांबी जेमतेम ३.२ किलोमीटर, रुंदी कुठे ८० मीटर तर कुठे १२०. दुबईची खाडी त्याआधीच बिझनेस बेपर्यंत खणत आणलेली होती. या कालव्याने ती सफा पार्क आणि जुमेऱ्यातून पुढे नेऊन थेट समुद्राला मिळवली. चर्चा झाली ती शेख झायेद रस्ता उचलून धरणाऱ्या पुलाची, आणि त्या पुलावरून कोसळणाऱ्या, बोट जवळ आली की आपणहून थांबणाऱ्या धबधब्याची. भूगोल बदलला तो मात्र फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. बर दुबई, करामा, सतवा, जुमेऱ्याचा अलीकडचा भाग आणि अगदी बुर्ज खलिफासुद्धा, एवढा सगळा मुलूख चारी बाजूंनी पाण्याने वेढला गेला. अल मनखूल ही त्या बेटावरची एक वस्ती.

आता हे बेट उष्ण कटिबंधातलं म्हणावं का, यावर वाद घालता येईल. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, दुबई पंचवीस अंशांच्या पलीकडे. नकाशाच्या हिशेबाने उष्ण कटिबंधातलं बेट म्हणजे मुंबई, दुबई नव्हे. पण जुलैच्या दुपारी बुरजुमान मेट्रो स्थानकाबाहेरच्या फुटपाथवर सिग्नल पडायची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला हे पटवून देणं अवघड आहे.

अल मनखूलमध्ये मराठी माणसं उतरतात ती बहुधा दोन कारणांनी. एक तर मुलगा किंवा मुलगी इथेच किंवा पलीकडे करामात राहते आणि आई-बाबा महिना-दीड महिन्यासाठी आलेले असतात; नाहीतर आठवड्याच्या सहलीला आलेल्या कुटुंबाने हॉटेल अपार्टमेंट घेतलेलं असतं. खोलीला लागून छोटं स्वयंपाकघर, त्यामुळे सकाळचा चहा-पोहे घरचेच. उत्तरेला खालिद बिन अल वलीद रस्ता, ज्याला सगळे बँक स्ट्रीट म्हणतात. पूर्वेला शेख खलिफा बिन झायेद रस्ता. जुन्या रहिवाशांच्या तोंडी तो अजून ट्रेड सेंटर रोडच आहे. तो ओलांडला की करामा, म्हणजे कढीपत्त्यापासून अगरबत्तीपर्यंत सगळं. पश्चिमेला रफा आणि मीना रस्त्याची बाजू, दक्षिणेला जाफिलिया.

इथून फिरायला निघणाऱ्याने आधी एकच गोष्ट विचारावी: जायचं ठिकाण बेटावर आहे की बेटाबाहेर? दुबई फ्रेम, झबील पार्क, म्युझियम ऑफ द फ्युचर, दुबई मॉल, जुमेरा मशीद, इतिहाद म्युझियम हे सगळं बेटावर. विमानतळ, खाडीपलीकडच्या देऱ्यातला सोन्याचा बाजार, मसाल्यांचा बाजार, पाम जुमेरा, मरीना आणि अर्थातच शारजा व अबू धाबी बेटाबाहेर. पाणी ओलांडायचं नसेल तर इथला प्रवास साधा आणि स्वस्त असतो. ओलांडायचं असेल तर वाटा बऱ्याच आहेत. त्यांची भाडी आणि त्यांना लागणारा वेळ यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एके काळी वाट एकच होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वी मुंबईहून दुबईला यायचं म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या ‘द्वारका’, ‘दुमरा’ किंवा ‘दारा’ या आगबोटींनी. या बोटी मुंबईहून निघून आखाती बंदरं घेत बसऱ्यापर्यंत जात. दुबईची खाडी गाळाने भरलेली, धक्का नाही. आगबोट बाहेर समुद्रातच नांगर टाकायची आणि माणसं-सामान छोट्या बोटींतून किनाऱ्यावर यायचं. या व्यवस्थेची किंमत एप्रिल १९६१ मध्ये दिसली. ‘दारा’ दुबईबाहेर नांगरून उभी असताना वादळ आलं. निरोप द्यायला आलेले नातेवाईक, फेरीवाले, हमाल असे कितीतरी लोक बोटीवर होते. त्यांना उतरवता आलं नाही आणि कप्तानाने बोट खोल समुद्रात नेली. ८ एप्रिलच्या पहाटे बोटीवर स्फोट झाला, आग पसरली आणि २३८ माणसं गेली. त्याच सुमारास दुबईचे शासक शेख रशीद यांनी खाडीतला गाळ उपसून घेतला, १९६० मध्ये विमानतळ सुरू झाला होता, आणि १९७२ मध्ये पोर्ट रशीद उभं राहिलं. ते बंदर मनखूलपासून हाकेच्या अंतरावर आहे. ‘द्वारका’ मात्र १९८२ पर्यंत फेऱ्या मारत राहिली. साठच्या दशकात इथे उतरणाऱ्या मुंबईकराला इथलं चलनही परकं वाटत नसे. भारतीय रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी छापलेला रुपया १९६६ पर्यंत दुबईत चालत होता.

खाडीच्या दोन काठांमध्येही पूल नव्हता. गाडी देऱ्यात न्यायची तर खाडी जिथे संपते त्या रास अल खोरला वळसा घालून जावं लागे. चालत्या माणसाला अब्रा, म्हणजे वल्ह्यांची लाकडी होडी. १९६३ मध्ये अल मकतूम पूल खुला झाला. तो बांधायला कतारच्या शासकांचं अर्थसाहाय्य होतं, आणि खर्च भरून निघेपर्यंत, म्हणजे १९७३ पर्यंत, त्यावर टोल होता. १९७५ मध्ये खाडीच्या मुखाशी पाण्याखालून शिंदगा बोगदा झाला, पुढे गरहूद पूल आला, २००७ मध्ये बिझनेस बे क्रॉसिंग, आणि जानेवारी २०२२ मध्ये शिंदग्यापाशीच बारा पदरी इन्फिनिटी पूल. मकतूम पुलावरचा टोल ९ सप्टेंबर २००८ ला सालिक या नावाने परत आला. या वेळी नाका नाही, माणूस नाही. गाडीच्या काचेवरचा स्टिकर वाचून पैसे कापले जातात.

इतके पूल झाले तरी अब्रा बंद पडला नाही. वल्ह्यांच्या जागी डिझेल इंजिन आलं एवढंच. लाकडी होडी, वर कापडाचं किंवा फळ्यांचं छत, मधोमध पाठीला पाठ लावून बसायचा लांब बाक, आणि त्या बाकांच्या मध्ये एका खळग्यात उभा राहून सुकाणू सांभाळणारा नावाडी. कठडा नाही. एका वेळी वीसजण बसतात. वीस झाले की होडी सुटते, वेळापत्रकाची भानगड नाही. पारंपरिक अब्राच्या दोन मुख्य वाटा आहेत: बर दुबई धक्क्यावरून देरा ओल्ड सूक, आणि दुबई ओल्ड सूकच्या धक्क्यावरून सबखा. पहिली मसाल्यांच्या आणि सोन्याच्या बाजाराजवळ सोडते, दुसरी देऱ्याच्या घाऊक दुकानांच्या गर्दीत. भाडं एक दिरहम, म्हणजे साधारण तेवीस-चोवीस रुपये. नाणं नावाड्याच्या हातात द्यायचं. वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या फेरीबोटीत बसलेल्याला यातलं काहीच नवं वाटणार नाही. फक्त इथे समोरच्या काठावर मिनार आणि काचेच्या इमारती एका ओळीत दिसतात.

पर्यटन पुस्तिकांनी अब्राला ‘अनुभव’ करून टाकलंय, ते थोडं अन्यायाचं आहे. सकाळी आठ वाजता त्या बाकावर बसलेल्यांत कॅमेरेवाले कमी आणि दुकानांचं शटर उघडायला निघालेले लोक जास्त असतात. देऱ्यातल्या दुकानात काम आणि बर दुबईत स्वस्त खोली, किंवा त्याच्या उलट, असा हिशेब असलेल्यांसाठी अब्रा ही रोजची वाहतूक आहे. पाहुण्यांनी अख्खी होडी तासाच्या बोलीने घ्यायची म्हटली तर शंभराहून जास्त दिरहम मोजावे लागतात. तेच पाणी एका दिरहमात बघता येतं, आणि परतीचा दुसरा दिरहम दिला की दोन्ही वाटांनी जाऊन येता येतं. धक्क्यावर ‘स्पेशल बोट, स्पेशल बोट’ म्हणत मागे लागणाऱ्यांना मान हलवून पुढे गेलं की खरी रांग दिसते. मनखूलहून धक्का चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. वाटेत अल फहिदीची जुनी, वारा खेचणाऱ्या बुरुजांची वस्ती आणि कापडबाजार लागतो. हे चालणं हिवाळ्यात करावं. उन्हाळ्यात शराफ डीजी स्थानकावरून एक स्टेशन मेट्रोने अल गुबैबाला जाऊन मग धक्का गाठावा.

मेट्रो हा मनखूलचा मोठा फायदा आहे आणि थोडी फसवणूकही. फायदा असा की दुबई मेट्रोच्या दोन्ही मार्गिका इथे एकमेकींना भेटतात. रेड लाइन ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली. नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी रात्री ९ वाजून ९ मिनिटं आणि ९ सेकंदांचा मुहूर्त गाठला होता, ज्योतिषी नसतानाही. दोन वर्षांनी त्याच तारखेला ग्रीन लाइन आली. दोन्हींचा सांधा युनियनला आणि बुरजुमानला. बुरजुमान म्हणजे मनखूलचा ईशान्य कोपरा. फसवणूक अशी की मनखूलच्या आत एकही स्थानक नाही. बुरजुमान एका कोपऱ्यात, शराफ डीजी दुसऱ्या, एडीसीबी करामाच्या बाजूला, मॅक्स दक्षिणेला जाफिलियाकडे. वस्तीच्या मधोमध हॉटेल घेतलं तर चारही स्थानकं ‘जवळ’ असतात आणि एकही जवळ नसतं. हॉटेलच्या जाहिरातीत लिहिलेली दहा मिनिटं ही बहुधा डिसेंबरमधली असतात.

स्थानकांच्या नावांनी घोळ होतो तो वेगळाच. इथे स्थानकांची नावं कंपन्यांना विकली जातात. शराफ डीजी आधी अल फहिदी होतं, एडीसीबी आधी करामा, मॅक्स आधी जाफिलिया, आणि बुरजुमान सुरुवातीला खालिद बिन अल वलीद. बऱ्याच वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या काकांनी ‘अल फहिदीला उतरा’ म्हणून सांगितलं तर नकाशावर ते सापडणार नाही. जुन्या रहिवाशाला जुनं नाव, मेट्रोच्या पाटीला नवं, असं दोन्ही लक्षात ठेवलेलं बरं.

गाडीला चालक नाही. पहिल्या डब्याच्या पुढच्या काचेपाशी उभं राहून रूळ धावत येताना बघायचं म्हणून मुलं हट्ट करतात, आणि तिथेच गोम आहे: गाडीच्या एका टोकाचा डबा गोल्ड क्लासचा असतो. साध्या कार्डावर तिथे शिरलं तर शंभर दिरहम दंड. बायका-मुलांच्या राखीव डब्यात पुरुष सापडला तरी शंभर. फलाटावर जमिनीवरच्या खुणा आणि दारांवरच्या गुलाबी पट्ट्या नीट बघून उभं राहायचं. खाणं-पिणं बंद, च्युइंग गमसुद्धा. लोकलमध्ये चणे-शेंगा खात वाढलेल्या माणसाला हे जड जातं. पण दंडाची पावती दोन हजार रुपयांच्या वर जाते म्हटल्यावर डबा पिशवीतच राहतो.

भाड्याची रचना मात्र सरळ आहे. शहराचे सात झोन. एकाच झोनमध्ये ३ दिरहम, शेजारच्या झोनपर्यंत ५, त्यापुढे कितीही लांब गेलं तरी साडेसात. गोल्डला दुप्पट. मेट्रो आणि बससाठी नोल नावाचं कार्ड लागतं. चांदी रंगाचं कार्ड २५ दिरहमांना मिळतं आणि त्यातले १९ दिरहम प्रवासाला उपलब्ध असतात. लाल रंगाचं कागदी तिकीटही आहे, पण त्याचे दोन दिरहम वेगळे आणि दर फेरीला एक दिरहम जास्त. चार दिवसांहून अधिक राहणाऱ्याने ते घेण्यात अर्थ नाही. २० दिरहमांचा दिवसभराचा पासही मिळतो. एका दिवसात तीन-चार लांब फेऱ्या होणार असतील तरच तो परवडतो. पाच वर्षांखालच्या किंवा नव्वद सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना भाडं नाही.

यातला कामाचा बारकावा कमी लोकांना ठाऊक असतो. मेट्रोतून उतरून अर्ध्या तासाच्या आत बस पकडली तर तो वेगळा प्रवास धरला जात नाही. दोन्ही मिळून एकच, झोनप्रमाणे. असे टप्पे जोडत एकूण तीन तासांत प्रवास पुरा करायचा. म्हणजे स्थानकापासून हॉटेलपर्यंत बस मिळत असेल तर ती फुकटात पडते, आणि तरीही माणसं सामान ओढत उन्हात चालतात. मेट्रोत चढताना-उतरताना आणि बसमध्ये चढताना-उतरताना दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं. बसमधून उतरताना टेकवायला विसरलं की जास्तीत जास्त भाडं कापलं जातं.

खाडीखालून जाणाऱ्या मेट्रोच्या दोन वाटा आहेत, रेड लाइनची बुरजुमान ते युनियन आणि ग्रीन लाइनची अल गुबैबा ते अल रास. बर दुबई एका झोनमध्ये आणि देरा दुसऱ्या, त्यामुळे पलीकडे जायला ५ दिरहम. अब्राला एक. थंडगार डब्यात तीन मिनिटांत पार होणं आणि वाऱ्यावर दहा मिनिटांत पार होणं, यांतला फरक चार दिरहमांचा.

विमानतळ पाणी ओलांडून आहे, पण टर्मिनल १ आणि ३ ला रेड लाइनचं स्थानक आहे, त्यामुळे तिथून बुरजुमानपर्यंत ५ दिरहमांत येता येतं. अट सामानाची: माणशी एक मोठी बॅग आणि एक छोटी. आई-बाबा येताना लाडू, लोणचं, भाजणी आणि नातवाचे कपडे असं जे काही आणतात, ते या मापात बसवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. टर्मिनल २ ला मेट्रो नाही, आणि भारतातून येणारी काही स्वस्त विमानं नेमकी तिथेच उतरतात. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून आनंद झाला असेल तर त्यातून टॅक्सीचं भाडं वजा करायला हवं. विमानतळावरून निघणाऱ्या टॅक्सीचं मीटरच २५ दिरहमांपासून सुरू होतं.

टॅक्सीबद्दल मुंबई-पुण्याच्या माणसाला इथे हळूहळू विश्वास बसतो. मीटर चालू असतं, ‘उधर नहीं जाएगा’ हा उद्गार ऐकू येत नाही, आणि बरेचसे चालक पाकिस्तान, भारत, बांगलादेशातले असल्याने हिंदी-उर्दू चालते. गाड्या सगळ्या मातकट पांढऱ्या. छताच्या रंगावरून कंपनी कळते, लाल, निळी, हिरवी, पिवळी, नारिंगी. गुलाबी छताची टॅक्सी बायका चालवतात आणि ती बायकांसाठी व कुटुंबांसाठी असते. रस्त्यावर हात करून थांबवता येते, पण संध्याकाळी बँक स्ट्रीटवर रिकामी टॅक्सी मिळणं कठीण. तेव्हा करीमच्या अ‍ॅपवर ‘हला टॅक्सी’ मागवतात. करीम ही कंपनी दुबईतच २०१२ मध्ये सुरू झाली. पुढे उबरने ती ३.१ अब्ज डॉलरांना विकत घेतली. थोडं अंतर असलं तरी किमान भाडं बारा दिरहमांच्या आसपास पडतं, म्हणून दोनजणांनी एक स्टेशनभर जायला टॅक्सी करणं महाग. चौघांचं कुटुंब असेल तर मेट्रोची चार भाडी आणि टॅक्सी यांत फारसा फरक उरत नाही.

फरक पडतो तो पाणी ओलांडताना. सालिकचे पैसे टॅक्सीच्या प्रवाशाकडून घेतले जातात. जानेवारी २०२५ अखेरपासून हा टोल वेळेप्रमाणे बदलतो: सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ ते रात्री ८ या गर्दीच्या वेळी ६ दिरहम, एरवी ४, रात्री १ ते ६ काहीच नाही, रविवारी गर्दीचा दर लागत नाही. मकतूम, गरहूद आणि बिझनेस बे या तिन्ही वाटांवर सालिकची फाटकं आहेत. शिंदगा बोगद्यावर आणि इन्फिनिटी पुलावर नाहीत. मनखूलहून देऱ्याच्या बाजारात जायचं असेल तर शिंदग्याकडून न्यायला सांगावं, जुने चालक विचारतातच, “सालिक से जाना है या बिना सालिक?”

गाडी भाड्याने घेण्याचा मोह होतो. भारतीय परवान्यावर पाहुण्याला ती मिळत नाही. भारतातूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा लागतो. शिवाय इथली वाहतूक उजवीकडून. आणि मनखूलमध्ये संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधणं ज्यांनी केलंय, ते पाहुण्यांना हा सल्ला देत नाहीत.

चालणं या विषयावर थोडं थांबायला हवं, कारण मनखूल खरं तर चालण्याजोगी वस्ती आहे. गल्ल्या सरळ, फुटपाथ रुंद, दुकानं पायाशी. अडचण उन्हाची आणि रस्त्यांची. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरची मजुरी कायद्यानेच बंद असते. मजुरांना मिळणारी ही सूट पाहुण्यांनी स्वतःलाही द्यावी. बँक स्ट्रीट किंवा ट्रेड सेंटर रोड झेब्रा क्रॉसिंग सोडून ओलांडला तर ४०० दिरहम दंड आहे. दादरला दोन गाड्यांमधून वाट काढणारी पावलं इथे आपोआप पुढे पडतात आणि पोलिस हसून पावती देतात. बसथांब्यांपैकी अनेकांना काचेच्या भिंती आणि एसी आहे. बस येईपर्यंत तिथे बसणं हा सुद्धा एक आराम.

इलेक्ट्रिक स्कूटरही आहे. एप्रिल २०२२ मध्ये दुबईने ज्या दहा भागांत ती चालवायला परवानगी दिली, त्यांत मनखूल आणि करामा दोन्ही होते. वाहनपरवाना असलेल्याला वेगळा परवाना लागत नाही, इतरांना ऑनलाइन फुकट मिळतो, वय सोळा पूर्ण हवं. मार्च २०२४ मध्ये ही स्कूटर मेट्रोत आणि ट्राममध्ये न्यायला बंदी आली होती, पण त्याच वर्षी घडीच्या स्कूटरपुरती ती उठवली गेली.

बसचं केंद्र अल गुबैबा. मनखूलहून चालत किंवा ग्रीन लाइनने तिथे पोचलं की खऱ्या अर्थाने बेट सोडता येतं. ई-१०० क्रमांकाची बस अबू धाबीला जाते, भाडं २५ दिरहम, वेळ साधारण दोन तास. रोख पैसे चालत नाहीत, नोल कार्डात तेवढी शिल्लक हवी. आणि अबू धाबीत उतरल्यावर तिथल्या बसना नोल चालत नाही, हाफिलात नावाचं वेगळं कार्ड लागतं. सकाळच्या सहलीला निघालेले पाहुणे नेमके याच दोन जागी अडतात. शारजाला ई-३०६ जाते. पण शारजासाठी गुबैबाच्या धक्क्यावरून सुटणारी फेरीबोट आहे, १५ दिरहमांत सुमारे अर्ध्या तासात शारजा अ‍ॅक्वेरियमपाशी सोडते. संध्याकाळी दुबई-शारजा रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते ती एकदा बघितली की समुद्राची वाट पटते.

पाम जुमेरा या प्रसिद्ध कृत्रिम बेटावर जायचं तर रेड लाइनने जाऊन ट्राम, ट्राममधून उतरून मोनोरेल. २००९ साली सुरू झालेली ही मोनोरेल सरकारी वाहतूक यंत्रणेची नाही, तिचं भाडं वेगळं आणि मेट्रोच्या मानाने बरंच चढं. पाण्यावरून बघायचं असेल तर गुबैबाहून मरीनापर्यंत दुबई फेरी जाते. ५० दिरहम, दीड तासाच्या आसपास. एवढ्या पैशांत अब्राच्या पन्नास फेऱ्या होतात हे खरं, पण अब्रा खाडीबाहेर पडत नाही.

मनखूलच्या हिंदू पाहुण्यांच्या प्रवासात मोठा बदल झाला तो २०२४ च्या सुरुवातीला. बर दुबईतलं शिवमंदिर आणि गुरुदरबार १९५८ पासून जुन्या बाजाराच्या गल्लीत होतं. सोमवारी सकाळी मनखूलहून चालत जाऊन, चपला काढून, फुलं वाहून लोक नऊला कामावर हजर होत. जानेवारी २०२४ मध्ये तिथली पूजाअर्चा जेबेल अलीच्या मोठ्या मंदिरात हलवली गेली. ते मंदिर ऑक्टोबर २०२२ मध्ये उघडलं होतं. गर्दी आणि अरुंद गल्ल्यांचा विचार करता निर्णय समजण्याजोगा आहे. पण वयस्कर माणसांसाठी वीस मिनिटांची पायवाट आता रेड लाइनचा लांब प्रवास आणि वर टॅक्सी, अशी झाली. ज्यांची मुलं दिवसा ऑफिसात असतात त्या आई-बाबांचं मंदिरात जाणं शनिवार-रविवारवर गेलं.

काही दिवस असे असतात की सगळे हिशेब कोसळतात. १६ एप्रिल २०२४ ला दुबई विमानतळावर एका दिवसात जवळपास १४२ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईकराला हा आकडा नेहमीचा. पण पाणी वाहून न्यायला नाले फारसे नसलेल्या शहराला तो वर्षभराहून जास्त होता. रेड लाइनची काही स्थानकं महिन्याहून अधिक बंद राहिली. दुसरा दिवस ३१ डिसेंबरचा. बुर्ज खलिफाची आतषबाजी बघायला सगळं शहर निघतं, आणि बुर्ज खलिफा / दुबई मॉल स्थानक संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद करतात. त्या रात्री मेट्रो मात्र पहाटेही थांबत नाही. एरवीच्या वेळा सोम ते गुरुवार आणि शनिवारी पहाटे ५ ते रात्री १२, शुक्रवारी रात्री १ पर्यंत, रविवारी सकाळी ८ ला सुरू. रविवारी पहाटेचं विमान असेल तर टॅक्सीला पर्याय नाही.

दुबई मॉलच्या स्थानकाबद्दल एक सूचना हवीच: स्थानकापासून मॉलपर्यंतचा बंदिस्त पूल ८२० मीटरचा आहे. सरकते पट्टे आहेत, एसी आहे, तरी पायांना तो जाणवतो. गुडघेदुखी असलेल्या आजीला घेऊन जायचं असेल तर मनखूलहून सरळ टॅक्सी करावी. सगळा रस्ता बेटावरचाच असल्याने खाडीवरच्या सालिकच्या फाटकांचा प्रश्न येत नाही.

पुढची भर ब्लू लाइनची. तीस किलोमीटर, चौदा स्थानकं, आणि सुरू करायची तारीख पुन्हा तीच, ९ सप्टेंबर, साल २०२९. आतापर्यंत मेट्रोने खाडी पाण्याखालूनच ओलांडली. ब्लू लाइन ती १,३०० मीटरच्या पुलावरून ओलांडणार आहे. तिचं एक टोक ग्रीन लाइनच्या क्रीक स्थानकाला जोडलेलं असेल, म्हणजे मनखूलच्या पाहुण्याने बुरजुमानहून ग्रीन लाइन धरायची, शेवटच्या स्थानकाला गाडी बदलायची आणि खिडकीकडची जागा गाठायची.